मेटगळ्ळीत बसून वाचलेले बर्फाचे इशारे

माझ्या फोनवर हवामानासाठी दोन गावे नोंदवून ठेवली आहेत, म्हैसूर आणि बफेलो. म्हैसुरात आम्ही दोघे राहतो आणि अमेरिकेतल्या बफेलोजवळ मुलगी, जावई आणि नातू. डिसेंबरात मेटगळ्ळीत पारा पंधरा-सोळावर उतरला की केआरएस रोडवर पहाटे फिरणारे आमचे मित्र माकडटोप्या चढवतात. त्याच वेळी दुसऱ्या गावाच्या नावापुढे लाल पट्टी दिसते. ती पट्टी वाचायला मी निवृत्तीनंतर शिकलो. शिकणे सोपे गेले, कारण रबर आणि थंडी यांचे वैर मला आधीपासून ठाऊक होते. मी मूळचा बेळगावचा. टायरच्या नोकरीने या बाजूला आलो आणि जन्मभर मिक्सिंग विभागात काढला. रबरात कार्बन ब्लॅक किती, तेल किती, गंधक किती, हाच माझा संसार. मेटगळ्ळी ही तशी कारखान्यांचीच वस्ती. इकडे टायर बनतात, पलीकडे रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापल्या जातात. बर्फ मात्र फक्त फ्रीजमध्ये.

तिकडच्या इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली ‘वॉच’: मोठे वादळ येण्याची शक्यता आहे, अजून एक-दोन दिवस हाताशी आहेत, लक्ष ठेवा आणि सामान भरून ठेवा. दुसरी ‘वॉर्निंग’: वादळ येणार हे जवळपास नक्की, किंवा आलेच आहे, जिवाला धोका आहे. तिसरी ‘अ‍ॅडव्हायजरी’: त्रास होईल, गाडी जपून चालवा, पण जग थांबणार नाही. मला सुरुवातीला वॉच ही सर्वांत किरकोळ पायरी वाटायची. मुलगी म्हणाली, ‘बाबा, खरं काम वॉच लागल्यावरच करायचं असतं. वॉर्निंग लागली की दुकानात पाव शिल्लक नसतो.’

डिसेंबर २०२२ मध्ये तिचे हे वाक्य आम्हाला पुरते समजले. त्या आठवड्यात अमेरिकेच्या मध्यभागावर हवेचा दाब झपाट्याने खाली येत होता. चोवीस तासांत साधारण चोवीस मिलिबार किंवा त्याहून अधिक दाब उतरला की हवामानवाले त्याला ‘बॉम्ब सायक्लोन’ म्हणतात. बफेलोच्या सरकारी हवामान कार्यालयाने दोन-तीन दिवस आधीपासून सांगायला सुरुवात केली होती, आणि साध्या भाषेत सांगितले होते की असे वादळ पिढीत एखादे येते. सरकारी कचेरी एरवी अशी भाषा वापरत नाही. २३ डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी, पाऊस पडण्याइतकी ऊब होती. काही तासांत तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली गेले, वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या वर पोचले, आणि पुढे दीड दिवसाहून अधिक काळ समोरचे दिसेना. विमानतळावर चार दिवसांत जवळपास ५२ इंच बर्फ मोजला गेला. म्हणजे माझ्या नातवाच्या डोक्यावरून वर.

अंदाज अचूक होता, तरी बफेलो आणि आसपासच्या भागात ४७ माणसे गेली. कोणी गाडीत अडकून, कोणी रस्त्यावर चालताना, कोणी वीज गेल्याने गारठलेल्या घरात, कोणी फावड्याने बर्फ उपसताना हृदय बंद पडून, आणि कोणी रुग्णवाहिका पोचू न शकल्याने. रुग्णवाहिका, अग्निशमनाच्या गाड्या आणि बर्फ काढणारी यंत्रेही बर्फातच रुतली होती. काही तास तर शहरात आणीबाणीची सेवा मिळणारच नाही असे जाहीर करावे लागले. गाड्या चालवण्यावरची बंदी शुक्रवारी सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर सकाळच्या पाळीची माणसे कामावर पोचली होती किंवा वाटेत होती. पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासगटाने या सगळ्याचा अहवाल दिला, त्यात बंदी उशिरा आल्याचा मुद्दा ठळक आहे. शहरातल्या मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने मोठा होता, हेही त्या वेळी पुढे आले. ज्या वस्तीत किराणा दुकान लांब, घर जुने आणि ज्याचा दिवस भरला नाही तर पगार कापला जातो, त्याने वॉच वाचून करायचे काय? मी पाळीत काम केलेला माणूस आहे. मालकाने ‘येऊ नका’ म्हटल्याशिवाय कामगार घरी बसत नाही, इशारा कितीही लाल असो.

मुलीच्या घरी वीज टिकली. जावयाने गुरुवारी संध्याकाळी पाण्याचे डबे, मेणबत्त्या, औषधे आणि ताकासाठी दही आणून ठेवले होते. ताकाशिवाय त्याचे जेवण होत नाही. शनिवारी व्हिडिओवर खिडकी दाखवली तर काचेपलीकडे नुसते पांढरे, काही हलतही नव्हते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अगं, दार उघडून तर बघ!’ दार उघडण्याचा प्रश्नच नव्हता. बाहेरून बर्फ दाराच्या कडीपर्यंत चढला होता.

आता यातली एक गंमत, गंमत म्हणणे बरे नाही तरीही. ‘ब्लिझर्ड’ म्हणायला किती इंच बर्फ पडावा लागतो? व्याख्येत इंचांचा उल्लेखच नाही. वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, बर्फ उडून दृष्टी पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या आत, आणि हे निदान तीन तास टिकले पाहिजे, झाले. नवा बर्फ पडलाच पाहिजे असेही नाही, आधी पडलेला उडाला तरी चालते. बफेलोचे १९७७ सालचे प्रसिद्ध वादळ याचा दाखला आहे. त्या जानेवारीत नवा बर्फ पडला फक्त फूटभर. पण ईरी सरोवर डिसेंबरातच गोठले होते आणि त्याच्या सपाट पाठीवर महिनाभराचा भुसभुशीत बर्फ साठला होता. वाऱ्याने तो सगळा उचलून शहरात आणून टाकला. २९ माणसे गेली. हेच सरोवर गोठलेले नसते तेव्हा उलटा खेळ होतो. वरून कोरडी, कडक थंड हवा जाते, खालच्या कोमट पाण्याची वाफ उचलते आणि किनाऱ्यावर बर्फ म्हणून उतरवते. हा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त बर्फ होता आणि थोड्याच मैलांवर त्या मानाने अगदी कमी. म्हणून तिथला इशारा जिल्ह्याला एकच असला तरी लोक पट्टा कुठल्या रस्त्यावर आहे ते विचारतात.

वाऱ्याने जाणवणाऱ्या थंडीचा आकडा वेगळा छापतात, त्यावरून आमच्याकडे नेहमी वाद होतो. उघड्या कातडीवरची ऊब वारा उडवून नेतो, म्हणून उणे दहाची हवा उणे वीससारखी लागते. पण गाडीचे इंजिन किंवा नळातले पाणी त्या जाणवणाऱ्या आकड्यापर्यंत गार होत नाही, ते हवेच्या खऱ्या तापमानावरच थांबते. वाऱ्याने ते लवकर गार होते, इतकेच. ही गोष्ट मी जावयाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, ‘बाबा, बॅटरी मात्र तरीही उतरते.’ ते खरेच.

बर्फाच्या सगळ्या तऱ्हांत मला भीती काचेसारख्या गोठलेल्या थराची. भुसभुशीत बर्फ डोळ्याला दिसतो, हा दिसत नाही. वरच्या हवेत उबदार थर असतो, तिथून थेंब पाणी होऊनच खाली येतात. जमिनीलगतची हवा मात्र शून्याखाली. पाऊस पावसासारखाच पडतो आणि रस्त्यावर, तारेवर, पानावर आदळला की तिथल्या तिथे गोठतो. सुमारे सहा मिलिमीटर थर बसणार असेल तर तिकडे बहुतेक ठिकाणी बर्फथराच्या वादळाचा इशारा देतात. सहा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेकमध्ये हा पाऊस पाचेक दिवस थांबून थांबून पडत राहिला आणि विजेचे पोलादी मनोरे रांगेने कोसळले. लाखो घरे भर हिवाळ्यात अंधारात होती, काही तर आठवडे.

टायरवाल्याच्या नजरेने सांगतो. साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचे रबर ताठ होत जाते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही. हिवाळी टायरच्या कंपाउंडमध्ये सिलिका जास्त असते, ते गारठ्यातही मऊ राहते, आणि ट्रेडच्या ठोकळ्यांवर हजारो बारीक चिरा पाडलेल्या असतात, त्यांच्या कडा बर्फाला पकडतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफूल अशी खूण असते. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तरीही शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फापुढे कुठलेच रबर पुरे पडत नाही. पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो, त्यावर चाक सरकते. उणे वीसचा कोरडा बर्फ त्या मानाने बरा. ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ येथे असाच गोठता पाऊस महामार्गावर पडला. शंभरावर वाहने एकमेकांवर आदळली, सहा जण गेले. पूल आणि उंचावरचे रस्ते आधी गोठतात, कारण त्यांना खालून जमिनीची ऊब मिळत नाही. त्यानंतर तीन-चार दिवसांत टेक्ससभर वीजच कोसळली. डॅलस-ह्यूस्टनकडे मुले असलेल्या आमच्या ओळखीच्या घरांत तो आठवडा झोपेविना गेला.

बफेलोला बारा तासांत सुमारे सात इंच बर्फ अपेक्षित असेल तेव्हा वॉर्निंग लागते, तर अमेरिकेच्या दक्षिणेत दोन-तीन इंचांनाही लागते. यावर इथले लोक हसतात. हसू नये. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम अडीच इंच पडला. शाळा, कचेऱ्या, कंपन्या सगळ्यांनी एकाच दुपारी माणसे सोडली, मीठ टाकणाऱ्या गाड्या त्याच गर्दीत अडकल्या, आणि हजारो लोकांनी रात्र गाडीत काढली. मुले शाळेत आणि बसमध्ये झोपली. उंबरठा गावावर अवलंबून असतो. आपले भारतीय हवामान खातेही हेच करते. मैदानी प्रदेशात थंडीची लाट म्हणायला किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असावे लागते, किनाऱ्यावर मात्र पंधरा अंशही पुरतात. आपल्याकडचे रंगही असेच कृतीचे आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

बर्फाशी म्हैसूरचा काय संबंध, असे कोणी विचारले तर मी ३ फेब्रुवारी २०१६ ची तारीख सांगतो. सियाचिनवरच्या सोनम ठाण्यावर, १९,६०० फुटांवर, बर्फाची प्रचंड भिंत कोसळली आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या एच. डी. कोटेचे महेश होते, सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते, आणि धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे हनुमंतप्पा कोप्पद, जे सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. त्या दिवसांत इथे चहाच्या टपरीवर कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत एकच विषय होता. हिमस्खलनाचे इशारे देणारी संरक्षण खात्याची संस्था चंदीगडला आहे, ती डोंगरउतारांना एक ते पाच अशी धोक्याची पातळी देते. उंचावरच्या जवानांना खाता येईल, गोठणार नाही, पचेल असे अन्न तयार करण्याचे काम १९६१ पासून म्हैसूरच्याच संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने केले. माझा एक फिरण्यातला सोबती तिथून निवृत्त झाला. कारखान्यांच्या गप्पांत पुलाव किती महिने टिकतो याचे आकडे तो आमच्या रबराच्या आकड्यांइतक्याच प्रेमाने सांगतो.

भारतात हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभामुळे. भूमध्य समुद्राकडून निघालेला कमी दाबाचा पट्टा इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडवर आदळतो. तो काही दिवस आधी दिसतो, म्हणून हवामान खाते इशाराही काही दिवस आधी देते. पण सुट्टीची बुकिंग दोन महिने आधी झालेली असते आणि पैसे परत मिळत नाहीत, हा खरा पेच. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी येथे हेच घडले. हवामानाची सूचना होती, तरी बर्फ बघायला हजारो गाड्या डोंगरावर चढल्या आणि रात्री अडकल्या. वीसहून जास्त माणसे गाड्यांतच गेली. बर्फात अडकलेल्या गाडीत ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवतात, धुराची नळी बर्फाने बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही.

यंदा आमच्या वस्तीतली चार कुटुंबे नाताळात मनालीला निघाली आहेत. बर्फाचे बूट भाड्याने कुठे मिळतात, हे विचारायला आली होती, ते मला कुठून माहीत असणार! मी त्यांना निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा जिल्हावार रंग बघायला सांगितले. नारिंगी असेल तर अटल बोगद्याकडे जायचेच नाही, चालक कितीही म्हणाला तरी. सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे, घोंगडी, फोनची बॅटरी. आणि गाडी अडकलीच तर आधी खाली उतरून मागची नळी हाताने मोकळी करायची, इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवायचे आणि त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. ‘थंडी नाही का येणार?’ एका वहिनींनी विचारले. येईल की. पण माकडटोप्या सगळ्यांकडे आहेतच.