कांद्यातलं औषध अजून प्रयोगशाळेतच!

लासलगावचा कांदा आझादपूर मंडईमार्गे दिल्लीकरांच्या ताटात येतो. त्यात क्वेर्सेटिन नावाचं फ्लेव्होनॉइड असतं, बाहेरच्या पाकळ्यांत जास्त. म्हणून सोलताना फक्त साल काढा.

क्वेर्सेटिन तांबं, जस्त अशा धातूंशी सहज जोडलं जातं. ही जोडी कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखू शकते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. धातूचं औषध नवं नाही. प्लॅटिनमयुक्त सिस्प्लॅटिनला अमेरिकेत १९७८मध्येच मान्यता मिळाली.

पण काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. क्वेर्सेटिन-धातूच्या जोडीला कर्करोगावरचं औषध म्हणून अजून मान्यता नाही. तेव्हा कांदा आवडीने खा. मात्र क्वेर्सेटिनच्या किंवा तांब्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर ती थांबवू नका. आधी डॉक्टरांना विचारा.