बाटली उजेडात धरून पाहा

आमच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या पाच बाटल्या होत्या, सगळ्या प्रवासात विकत घेतलेल्या. रिकामी झाली की नळाखाली धरायची, पुन्हा आत. नात पोटदुखीने चार दिवस घरी राहिली, तेव्हा मी तिची बाटली उजेडात धरली. झाकणाच्या आट्यांत, तळाशी बुळबुळीत थर! पोट त्यानेच दुखलं, असं मी म्हणणार नाही; पण तो थर म्हणजे जंतूंची वस्तीच. नुसतं विसळून ती हलत नाही. साबण आणि ब्रश हवा, मग बाटली उपडी ठेवून पूर्ण वाळवायला हवी. अरुंद तोंडात हात कुठला जायला? तळाच्या त्रिकोणात १ आकडा असेल तर ते पेट प्लॅस्टिक. उकळतं पाणी ओतलं की आकसतं.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार प्लॅस्टिकचे कण आढळले. शरीरावर त्यांचा परिणाम काय, याचा अभ्यास चालू आहे.

आता नातीकडे रुंद तोंडाची स्टीलची बाटली आहे. जड लागते म्हणून कुरकुरते. जुन्या पाच भंगारवाल्याला दिल्या. त्यांचा म्हणे कापडासाठी धागा होतो. ‘आजी, चेपून देत जा,’ एवढंच तो म्हणाला.