समालोचकांची चढाई

३० मे २०१६ ची रात्र. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी बर्फावरच्या हॉकीच्या स्टॅनली करंडकासाठी अंतिम फेरीतला पहिला सामना रंगला होता. पिट्सबर्ग आणि सॅन होजे, दोघांचेही दोन-दोन गोल. खेळ संपायला जेमतेम अडीच मिनिटे उरली असताना पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल ठोकला, आणि दूरचित्रवाणीवरच्या एका समालोचकाने सूर धरला, "बोनिनो, बोनिनो, बोनिनो, बोनिनो...!" श्वास न सोडता, एका दमात, आपला कबड्डीपटू मध्यरेषा ओलांडताना धरतो तसा. दुसऱ्या दिवशी तो आवाज साऱ्या उत्तर अमेरिकेत घुमत होता. गंमत अशी की ज्यांनी तो डोक्यावर घेतला त्यांतल्या बहुतेकांना बाकीचे समालोचन कळणे शक्यच नव्हते. ते इंग्रजीत नव्हते, फ्रेंचमध्येही नव्हते. ते चक्क पंजाबीत होते.

समालोचकाचे नाव हरनारायण सिंग. कॅनडातच जन्मलेला, वाढलेला शीख तरुण. कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेने २००८ साली हॉकीचे सामने पंजाबीतून ऐकविण्यास सुरुवात केली, तेव्हा हा गडी दर आठवड्यास कॅलगरीहून टोरोंटोस विमानाने जाई, आणि सुरुवातीस तिकिटाचे पैसे पदरचे घाली. पुण्याहून कलकत्त्याला जाऊन दर शनिवारी सामना सांगून यावे, त्याहूनही हे अंतर मोठे! पण मला त्याच्या प्रवासाहून त्याच्या शब्दांचे कौतुक अधिक वाटते. बर्फावरून सरपटणारी ती काळी रबरी चकती, तिला इंग्रजीत 'पक' म्हणतात. पंजाबी समालोचकांनी तिचे नाव ठेवले 'टिक्की', आपण आलू टिक्की खातो तीच! जोरकस फटक्याला त्यांनी 'चपेड' म्हटले, म्हणजे थप्पड. नियम मोडणाऱ्या खेळाडूला ज्या कोंडाळ्यात बसवतात, तो झाला 'सजा दा डब्बा'. शब्दकोशाचे पान न उलटता, स्वयंपाकघरातून आणि अंगणातून उचललेले हे शब्द. पिट्सबर्गने करंडक जिंकल्यावर शहरातल्या विजयोत्सवास या पंजाबी मंडळींना पाहुणे म्हणून आग्रहाने बोलाविण्यात आले.

आता वाचक म्हणतील, दिवाळीच्या फराळाबरोबर हा बर्फ कशाला? मुळशी म्हटले की आपल्याला धरण आठवते, सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो, आंबेमोहोराचा वास येतो. बर्फ तिथे फक्त जत्रेतल्या गोळ्यावर! कबूल. पण व्यावसायिक खेळाची बाद फेरी आणि तिच्यावर तुटून पडणारे दूरचित्रवाणीचे समालोचक मुळशीच्या वेशीवरही येऊन गेले आहेत, आणि तेही अशा खेळासाठी जो आपल्याच मातीतला आहे.

तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, म्हाळुंगे-बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाची अखेर तिथल्या बॅडमिंटनच्या सभागृहात झाली. २६ डिसेंबर २०२४ रोजी बाद फेरी सुरू झाली आणि २९ तारखेला हरयाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून पहिल्यांदाच विजेतेपद मिळविले. यजमान पुणेरी पलटण मात्र मांडवात नव्हतीच! आदल्या हंगामात याच हरयाणाला २८-२५ असे हरवून विजेता झालेला आपला संघ या हंगामात आठवा आला आणि घरच्या अंगणातले लग्न त्याने बाहेरून पाहिले. मुंबईचा संघ पहिल्याच दिवशी पाटण्याकडून ३१-२३ असा गारद झाला. म्हणजे शेवटच्या दोन रात्री महाराष्ट्राचा एकही संघ नाही, तरी सभागृह दणाणलेले. याचे श्रेय खेळाडूंना आहेच, पण एक वाटा त्या आवाजांचाही आहे, जे वर्षानुवर्षे घरोघर हा खेळ समजावून सांगत आले.

या लीगचा जन्मच मुळी एका समालोचकाच्या डोक्यात झाला! चारू शर्मा हे क्रिकेटच्या कार्यक्रमांमुळे आपल्याला ठाऊक असलेले गृहस्थ. २००६ साली दोहा येथील आशियाई स्पर्धांत ते कबड्डीचे समालोचन करीत होते. परदेशी प्रेक्षकही हा खेळ डोळे विस्फारून पाहतात हे त्यांनी हेरले. पुढे आनंद महिंद्र यांच्या साथीने त्यांनी लीग उभी केली आणि २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत पहिला सामना झाला.

कबड्डीचे दूरचित्रवाणीवरचे समालोचन म्हणजे काय दिव्य आहे, याचा हिशेब मांडून पाहा. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. एका चढाईला ३० सेकंद. म्हणजे एका सामन्यात ऐंशीच्या घरात चढाया! क्रिकेटचा समालोचक दोन चेंडूंच्या मध्ये कबुतरांविषयी बोलतो, तंबूतल्या चहाविषयी बोलतो, एखादी जुनी आठवण सांगतो. इथे सवड कुठली? एक चढाईपटू परतला की दुसऱ्या बाजूचा निघालाच. त्यातून तेरा मीटर बाय दहा मीटरच्या जागेत चौदा माणसे. झटापट झाली की सहा-सात देहांचा ढीग, आणि त्या ढिगातून कुणाचे बोट मध्यरेषेला लागले हे पंचाच्याही आधी सांगायचे!

आकाशवाणीवरील समालोचकाला सारेच सांगावे लागे, कारण ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसे. दूरचित्रवाणीवरच्याची अडचण उलटी. पाहणाऱ्याला सारे दिसते, मग सांगायचे काय? जे दिसूनही कळत नाही, ते. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, पण मागचा पाय जमिनीवरून उचलला होता का? समोर सहा गडी होते की पाचच? पाच असतील तर बोनस मिळायचा नाही. यासाठीच तिथे दोघांची जोडी बसते. एक प्रसंग धावता सांगतो, दुसरा, बहुधा निवृत्त खेळाडू, त्याचे मर्म उलगडतो. कानात निर्मात्याच्या सूचना चालू असतात, समोर छोटा पडदा असतो. पुष्कळदा तर ही मंडळी मैदानावर नसतातच. दूरच्या शहरात, बंद खोलीत पडद्याकडे पाहून, जणू पहिल्या रांगेत बसल्यासारखी बोलत असतात. कॅनडात फॉस्टर ह्युइट या आद्य समालोचकाने १९२३ साली काचेच्या खुराड्यात बसून टेलिफोनवरून हॉकीचा सामना सांगितला, तेव्हा त्याच्या श्वासाने काचा धुरकटून समोरचे दिसेनासे झाले म्हणतात. आजची खोली थंडगार असते एवढाच फरक.

आणि जाणता समालोचक काय देऊ शकतो, याला बालेवाडीची अंतिम रात्रच साक्षी आहे. हरयाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग. २०१६ साली पाटण्याने पहिले विजेतेपद मिळविले तेव्हा हेच मनप्रीत पाटण्याचे कर्णधार होते. हरयाणाच्या बचावाचा आधारस्तंभ इराणचा महंमदरझा शादलू. आदल्या वर्षी तो पुणेरी पलटणीत होता आणि त्याने हरयाणाच्या तोंडचा घास काढला होता. आता पुण्याच्याच प्रेक्षकांपुढे तो हरयाणासाठी मांडी ठोकत होता. पडद्यावर दिसतात ते सात गडी आणि गुणफलक. ही गुंतागुंत सांगणारा कुणी नसेल तर तो नुसता धांगडधिंगा वाटेल.

मी त्या रात्री सभागृहात होते. बरोबर माझे मावसदीर, ज्यांना सारे आबा म्हणतात आणि जे तरुणपणी पौड खोऱ्यातल्या गावोगावच्या मैदानांवर डावा कोपरा सांभाळीत, आणि त्यांची नऊ वर्षांची नात. सभागृहात समालोचन ऐकू येत नाही, तिथे कर्ण्यांवरून गाणी वाजतात. पण नात दूरचित्रवाणीवर कबड्डी पाहून तयार झालेली.

"आबा, आता ऑल आउट होणार!" ती ओरडली.

"काय होणार?"

"ऑल आउट! सगळे बाद! दोन पॉइंट जास्तीचे!"

"आगं, मग लोण म्हण की! लोण चढणार म्हण!"

"लोण म्हणजे?"

आबा तिच्याकडे पाहतच राहिले. मग पाटण्याचा देवांक चढाईस आला. हंगामात सर्वांत अधिक, तीनशेवर चढाईगुण मिळविणारा हा पोरगा. नात म्हणाली, "आता टॅकल करतील." आबा म्हणाले, "घोट्यात धरतील." दोघेही एकच गोष्ट पाहत होती. पण सामन्याचा अर्धा वेळ एकमेकांना काय म्हणायचे ते विचारण्यात गेला. मला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले.

कारण पाहा. क्रिकेट आपल्याकडे साहेबाच्या बोटीतून आले. त्याची सारी नावे इंग्रजी. पण बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून, आणि वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडापत्रकारांनी वर्तमानपत्रांतून, तो खेळ मराठीत बोलता केला. षटक, चौकार, षटकार, यष्टिरक्षक, पायचीत, त्रिफळा! ज्यांनी आयुष्यात बॅट हाती धरली नाही त्या आमच्या सासूबाईही "सुनेने आज षटकार मारला" असे म्हणत. परका खेळ घरचा झाला तो त्या शब्दांनी. कबड्डीचा प्रवास नेमका उलटा चालला आहे. ती निघाली मराठी शब्द घेऊन. चढाई, पकड, दम, लोण, निदानरेषा, कोपरारक्षक, अव्वल पकड. आणि दूरचित्रवाणीच्या दारात शिरताना ती रेड, टॅकल, ऑल आउट, सुपर टॅकल झाली. 'संपाचे लोण गावोगाव पोचले' असे आपण आजही लिहितो. हे लोण मैदानातलेच, जुन्या आट्यापाट्यांपासून चालत आलेले. भाषेत राहिले आणि खेळातून निघाले!

कुणी म्हणेल, बाई, ही लीग साऱ्या देशाची. तमिळ, कानडी, हरयाणवी खेळाडू, वर इराणी. त्यांना तुमचे लोण कसे कळावे? अगदी बरोबर. पंचांनी काय म्हणायचे ते नियमावलीत लिहिलेले असू द्या. माझे म्हणणे फक्त मराठी बोलणाऱ्या समालोचकांपुरते, मग ते दूरचित्रवाणीवर असोत की शाळेच्या मैदानावर. पंजाबी मंडळींना बर्फावरच्या खेळासाठी शब्द शोधावे लागले. आपल्याला तर शोधायचेही नाहीत, नुसते उच्चारायचे आहेत. मात्र सरकारी पत्रकासारखे मराठीही नको. 'निर्णायक तृतीय आक्रमण' असले काही म्हणू लागाल तर नऊ वर्षांची मुलगी 'डू ऑर डाय'च म्हणेल, आणि मी तिला दोष देणार नाही.

तसे मराठी समालोचन मुळशीत ऐकायला मिळत नाही असे नाही. याच तालुक्यातील भूगावला डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली आणि अभिजित कटके याने किरण भगतवर मात करून गदा जिंकली. कुस्तीच्या फडात निवेदकाचे स्थान मल्लाच्या खालोखाल. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्यांचा आवाज लाल मातीवर घुमला की मागच्या रांगेतल्या शेतकऱ्याला डाव दिसला नाही तरी कळतो. ढाक, घिस्सा, एकलंगी, धोबीपछाड! या शब्दांना कुणी इंग्रजी पर्याय दिला नाही, कारण ध्वनिक्षेपक त्या माणसांच्या हातून कधी सुटला नाही.

कबड्डीचेही गावच्या मैदानावर तेच. उरुसाच्या रात्री दिव्यांच्या झोतात सामने चालतात आणि टेबलाशी बसलेला एक गडी घसा बसेपर्यंत बोलत असतो. देणगीदारांची नावे, हरवलेल्या पोराचा पत्ता, चढाईला जाहीर झालेले रोख बक्षीस, सारे एकाच पट्टीत. मागे एका गावी मी असा एक जण ऐकला. दिवसा दुधाचा टेंपो चालविणारा, बोलायला कुणी शिकविलेले नाही. समोर तीनच गडी उरलेले, चढाईपटू आडदांड. तो म्हणाला, "तीन शेळ्या आन् एक लांडगा, मंडळी! पण शेळ्या मुळशीच्या हायेत, शिंगं बघून या!" पुढच्या क्षणी तिघांनी त्या आडदांडाला उचलून निदानरेषेपाशी आपटले. अव्वल पकड, दोन गुण. टेबलावरून आरोळी उठली, "लांडगा दावणीला!" आणि मंडपातल्या बायकाही उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या.