चाऱ्याचं बी : वजनात पाणी, राशीत ऊब

कडवळाची ज्वारी, चाऱ्याचा मका, चवळी, लसूणघास यांचं बी आता बरेच बचत गट घरचंच धरतात. पण वाण तेच, शेत तेच, तरी एकीचं बी भरभरून उगवतं आणि दुसरीचं निम्मं वाया जातं. असं का? पुष्कळदा कारण असतं बियातला ओलावा. आज त्याविषयीच बोलू.

आधी वजन पाहू. १८ टक्के ओलावा म्हणजे १०० किलो बियात १८ किलो पाणी. हेच बी वाळवून १२ टक्क्यांवर आणलं तर साधारण ९३ किलो भरतं. बी कुठं गेलं नाही, ७ किलो पाणी उडालं. म्हणजे ओलं बी कोरड्याच्या भावानं घेतलं, तर गटाचा पैसा पाण्यात जातो.

ओलाव्यानं दाणा फुगतो. फुगलेले दाणे एकमेकांत नीट बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते. त्यामुळं डबा तोच असला तरी ओल्या बियाचा डबा बहुधा वजनाला हलका भरतो. म्हणून बी मापानं नको, वजनानं घ्यावं. ओले दाणे एकमेकांना धरून राहतात, त्यांची रास उभट होते. असं बी तिफणीच्या चाड्यातून सरसर उतरत नाही, नळीत अडकतं आणि पेरणी विरळ-दाट होते.

आता उष्णतेचं. बी जिवंत असतं, ते श्वास घेतं. ओलं असलं की श्वास वाढतो आणि ऊब तयार होते. दाण्यांमधल्या हवेमुळं रास गोधडीसारखी असते, आतली ऊब बाहेर पडत नाही. मग बुरशी धरते, कोंब मरतो. पोत्यात हात घालून बघा. आत कोमट लागलं, कुबट वास आला, तर पोतं लगेच मोकळं करा.

ओलावा ओळखायचा कसा? कोरडी काचेची बाटली घ्या. तिसरा हिस्सा बी आणि थोडं चांगलं वाळवलेलं मीठ घालून झाकण लावा. मिनिटभर हलवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. पण चिकटलं नाही म्हणून लगेच बी भरू नका. ज्वारी-मक्याचं बी साध्या पोत्यात ठेवायला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, हवाबंद डब्यात ८ टक्क्यांच्या आत. त्यासाठी आणखी एक-दोन उन्हं द्यावी लागतात. नक्की आकडा ओलावा मोजायच्या यंत्रावरच कळतो.

वाळवताना बी पातळ पसरा, अधूनमधून हलवा. तापलेल्या पत्र्यावर किंवा डांबरी रस्त्यावर घालू नका. बी साधारण ४० अंशांच्या वर तापलं तर कोंबाला धोका, आणि जितकं ओलं तितका धोका जास्त. भर दुपारी सावलीत घ्या. संध्याकाळी गार झाल्यावरच भरा. गरम बी कोंडलं की आत घाम सुटतो. पोती फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा.

बीजशास्त्रात एक ठोकताळा आहे. ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एका टक्क्यानं उतरला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. दोन जादा उन्हांची ही कमाई आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं मूठभर बी आणा आणि बाटलीची परीक्षा सगळ्यांसमोर करा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात तेही मोजा.