युरोप नावाची मुदत ठेव

कॉटन ग्रीन स्टेशनवर पहिल्यांदा उतरणारा माणूस हमखास विचारतो, "इथं कापूस कुठाय हो?" कापूस आता राहिलेला नाही. हार्बर लाइनच्या पूर्वेला पोर्ट ट्रस्टची जुनी गोदामं आहेत आणि १९२० च्या दशकात बांधलेली कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथंच एका कापूस दलालाकडे कारकून होते. रुईचा पुंजका चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा आणि धाग्याची लांबी बघायची, ही त्यांची सवय. घरातली गादी उसवली तरी त्यांचा हात आधी कापसाकडे जाई. नमुन्यांच्या पुड्यांवर ते वळणदार अक्षरात पत्ते लिहीत. लिव्हरपूल, ब्रेमेन, विंटरथुर. या गावांची नावं मी शाळेच्या भूगोलात नंतर वाचली, घरात आधी ऐकली. अण्णांनी मात्र जन्मात पासपोर्ट काढला नाही.

हे सगळं आठवायचं कारण, यंदा गणपती झाले की मी आणि आमची ही युरोपला जाणार आहोत. दोघांची मिळून एकशे तेहतीस वर्षं वय, एक निवृत्तिवेतन, एक दुखरा गुडघा आणि एक मुदत ठेव, एवढं भांडवल.

या ठेवीची गोष्ट सांगायला हवी. तिची पहिली पावती मी १९९६ साली केली. बँकेत असल्यामुळे घरातल्या प्रत्येक ठेवीला नाव द्यायची मला खोड. एकीचं नाव 'लग्न', एकीचं 'छप्पर', हिचं 'युरोप'. २००३ साली मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ती मोडली. २००८ साली पुन्हा केली. २०१५ साली आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ठेवही मोडली. दोन्ही वेळी ही एक शब्द बोलली नाही. नुसतं विचारलं, "मुदतीआधी मोडल्यावर व्याज किती कापतात?" तिसऱ्यांदा ठेव केली ती माझ्या निवृत्तीनंतर. ती यंदा पिकली आणि रक्कम हाती आली साडेपाच लाख.

बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी परकीय चलन विभागात होतो. फेरा कायद्याचा तो जमाना. डॉलर मोजूनमापून मिळत आणि किती दिले याची नोंद पासपोर्टवर होई. लालबाग-परळची माणसं मुलाला भेटायला निघाली की काउंटरपुढे देवळात उभं राहावं तशी उभी राहत. १ जून २००० पासून फेरा जाऊन फेमा आला. २००४ साली माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली आणि आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. मर्यादा दसपट झाली. माझ्या खात्यातली शिल्लक तशी झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

घरात पहिला वाद झाला तो सहल कंपनी की स्वतःचं स्वतः, यावर. मराठी माणसाला परदेश दाखवण्याचं श्रेय सहल कंपन्यांना द्यायलाच हवं. केसरी पाटील यांनी १९८४ साली आपली कंपनी सुरू केली तेव्हा युरोप ही आपल्याकडे डॉक्टर-वकिलांची गोष्ट होती. आज शाळामास्तरही जाऊन येतात. बसमधून फिरायचं, संध्याकाळी वरणभात तयार, सामानाची काळजी दुसऱ्याला. हिचा कल तिकडे होता. मला मात्र पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर ठेवण्याची धास्ती. आणि दुसरंही एक कारण होतं, ते मी तेव्हा बोललो नाही.

मी कागद घेऊन बसलो. सात देश, अकरा शहरं, अठरा दिवस असा तक्ता काढला आणि अभिमानानं हिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावून तो वाचला. "अहो, यात बसायला वेळ कुठाय?" तिनं विचारलं. "माझ्या गुडघ्याला अकरा वेळा हॉटेल बदलायला सांगणार तुम्ही?" मग पेन्सिल घेऊन तिनं एकेक नाव खोडलं. रोम गेलं, ॲमस्टरडॅम गेलं. लंडनला वेगळा व्हिसा लागतो, त्याचा वेगळा खर्च, म्हणून ते मीच खोडलं. ब्रुसेल्सही मीच खोडलं, कारण तिथं काय बघायचं ते दोघांनाही सांगता येईना. उरली चार शहरं. पॅरिस, झुरिक, व्हिएन्ना, प्राग. चार देश, सतरा रात्री.

वाचकहो, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी यातला हिशेब उलगडून सांगतो. लक्झेंबर्ग देशात मोझेल नदीकाठी शेंगेन नावाचं खेडं आहे. तिथं १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचा करार केला. तो प्रत्यक्षात आला १९९५ साली. आज त्यात २९ देश आहेत. एका व्हिसावर या सगळ्यांत हिंडता येतं, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. अर्ज करायचा तो जिथं सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात प्रथम पाऊल टाकणार त्याच्याकडे. आमच्या पाच रात्री पॅरिसला आणि पाचच व्हिएन्नाला, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. प्रौढांना शुल्क ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो लवकर करावा.

एक जुना बँकवाला म्हणून सांगतो. अर्जासोबत खात्याचा उतारा द्यावा लागतो. तो बघणाऱ्याला शिलकीपेक्षा खात्याची चाल महत्त्वाची वाटते. वर्षभर चाळीस हजारांवर रेंगाळणाऱ्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून पाच लाख आले, की शंका येणारच. स्वतःची ठेव असेल तर तिची पावती जोडा. ते सरळ असतं.

आता खर्च. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेला आहे. मी हिशेबाला ११० धरला, कारण रुपयाच्या बाबतीत आशावादी असू नये हे नोकरीत शिकलो. विमान दोघांचं १ लाख ३० हजार. यात एक युक्ती केली. उतरायचं पॅरिसला आणि परतायचं प्रागहून, म्हणजे पुन्हा मागं जाण्याचं भाडं आणि दिवस वाचतो. व्हिसा आणि विमा ३० हजार. आगगाडी ४५ हजार. युरेल पासचा विचार केला, पण पास काढूनही काही गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. लांबचे प्रवास आमचे तीनच, म्हणून सुटी तिकिटं लवकर काढणं स्वस्त पडलं. रोज गाडी बदलणाऱ्याला पास परवडेल. राहणं सरासरी १०० युरो रात्र, सतरा रात्रींचे १ लाख ८७ हजार. जेवण आणि गावातला प्रवास दिवसाला दोघांचे ६० युरो, अठरा दिवसांचे सुमारे १ लाख १९ हजार. बेरीज ५ लाख ११ हजार. उरलेले ३९ हजार संग्रहालयांना आणि अडीअडचणीला.

जेवणाचे ६० युरो पुरतील का, यावर हिनं तोडगा काढला. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्यायच्या. तांदूळ तिथं मिळतो, मेतकूट आपण न्यायचं. तूप आणि पेढे मात्र नेता येत नाहीत. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. हे ऐकून हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की कायदा जणू मीच केला. खोली मात्र लिफ्ट असलेल्या इमारतीतच, ही तिची अट. त्यापायी रात्रीला दहा युरो जास्त गेले तर मी वरच्या ३९ हजारांतून देणार आहे.

पैशांबद्दल आणखी दोनच गोष्टी. चार देश म्हटले तरी चलनं तीन. फ्रान्स-ऑस्ट्रियात युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेक देशात कोरुना. आणि दुकानातल्या यंत्रानं "रुपयांत पैसे भरू का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं, तिथल्या चलनातच भरायचे. रुपयाचा तो आपुलकीचा प्रश्न बहुधा महाग पडतो.

संग्रहालयांबाबत मी एकदा तोंडघशी पडलो आहे. माझ्या एका कादंबरीचा नायक मंगळवारी दुपारी लूव्रमध्ये चित्रं बघत रडतो. पुस्तक निघाल्यावर एका वाचकाचं कार्ड आलं. लूव्र मंगळवारी बंद असतं. पात्रांना पॅरिसला पाठवायला मला पैसे पडत नव्हते, म्हणून मी वारही तपासला नव्हता. या वेळी तपासला आहे. आम्ही बुधवारी जाणार.

तक्ता पक्का झाला त्या रात्री हिनं विचारलं, "सगळं कळलं, पण झुरिकच्या चार रात्रींत एक दिवस कोरा का ठेवलाय?" मग मला बोलावं लागलं. झुरिकहून आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत विंटरथुर येतं. फोलकार्ट ब्रदर्स ही कापसाची पेढी १८५१ साली विंटरथुर आणि मुंबई अशी दोन्हीकडे एकदमच सुरू झाली. 'व्होल्टास' या नावातला पहिला तुकडा त्यांचाच, १९५४ साली टाटांशी भागीदारी झाली तेव्हाचा. त्यांची गोल इमारत स्टेशनाजवळच आहे, आता तिथं विद्यार्थी शिकतात. अण्णा त्या पेढीत नव्हते. त्यांनी फक्त पुड्यांवर त्या गावाचं नाव लिहिलं. कोणतीही सहल कंपनी आम्हांला तिथं नेणार नव्हती, आणि नेलं असतं तरी चाळीस माणसांना बसमध्ये थांबवून मी तिथं काय बघणार होतो?

ही थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंत तर सहल कंपनीचं नावच काढलं नसतं मी." आणि तक्त्यातल्या कोऱ्या चौकोनात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, विंटरथुर.

आता ऐकतो, की १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो यंत्रात घ्यायला सुरुवात झाली आणि पासपोर्टवरचे शिक्के जाऊ लागले. चाळीस वर्षं शिक्के मारण्यात गेलेल्या माणसाला याचं थोडं वाईट वाटतं. पण नोंद ठेवायची सोय आम्ही केली आहे. ठेवीच्या पावतीची झेरॉक्स मी पासपोर्टच्या पाकिटात घातली आहे. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक गावात पोचल्याची तारीख लिहायची, असं ठरलंय. अक्षर हिचं असेल, कारण माझं डॉक्टरसारखं आहे. अण्णांचं वळण आमच्या घरात तिनंच उचललं.