वसंतातली सकाळची फेरी : डोळे भरून पाहा, बी तोंडात घालू नका

मार्च लागल्यापासून भीमजयंतीपर्यंतचे दिवस सकाळी चालायला उत्तम. लवकर उजाडते, ऊन चढायला वेळ असतो आणि चालायला पैसे पडत नाहीत. मोठ्या माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे तरी भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवायला याची मदत होते.

एकट्याने चालण्याचा कंटाळा येत असेल तर मुलांना सोबत घ्या आणि वस्तीबाहेरच्या माळाकडे, नदीकाठाकडे वळा. या दिवसांत पळस पाने गाळून केशरी फुलांनी भरलेला असतो. काटेसावरीच्या जाड लाल फुलांवर मैना, बुलबुल, कावळे आणि खारी मध प्यायला येतात. इवलासा शिंजीर बाकदार चोच फुलात घालताना दिसेल. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा ‘टुक टुक’ आवाज आला तर तो तांबट. हा हिरवा पक्षी वाळक्या फांदीत भोक पाडून घरटे करतो. माळावर ‘टिटिव् टिटिव्’ ओरडत कुणी डोक्यावर घिरट्या घालू लागले तर पाय जपून टाका. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. एप्रिलमध्ये बहाव्याचे पिवळे झुबके लटकू लागतात.

मात्र याच वाटेवर काही झाडे घातक आहेत. कुंपणाला लावतात त्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात. धोत्रा, कण्हेर आणि लाल-काळी गुंज हीसुद्धा विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला गंभीर इजा होते. काटेरी पानांच्या पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते. ते तेलात मिसळले गेले तर पायांवर सूज येऊन हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीने अनेकांचे बळी घेतले. म्हणून सुटे तेल घेऊ नका. गाजर गवताने कातडीला खाज सुटते, दमाही वाढू शकतो. ते उघड्या हाताने उपटू नका.

मुलाने विषारी बी खाल्ले तर मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. तोंडात उरलेले बी काढा, चूळ भरायला लावा आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्या. त्या झाडाची फांदी किंवा बी सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवायला मदत होते. चीक डोळ्यात गेला तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवा, मग डॉक्टरांना दाखवा. साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवू नका. माणसाला हालचाल करू न देता १०८ ला फोन करा. सापाच्या विषावरची लस दवाखान्यातच मिळते.

आग्या मोहोळ दिसले तर दगड मारू नका, खाली धूर करू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालू नये. खिशात गुळाचा खडा ठेवावा. छातीत दुखले, घाम फुटला, दम लागला तर तिथेच बसा आणि मदत मागा. ऊन तापू लागण्याआधी, साधारण आठच्या आत घरी परता. पाण्याची बाटली सोबत असू द्या. निघण्यापूर्वी मुलांना एकच नियम सांगा : पाहायचे सगळे, नाव विचारायचे सगळ्यांचे, पण मोठ्यांना विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही.