उघडिपीतला वणवा

२ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडो राज्यात ग्लेनवुड स्प्रिंग्ज गावाजवळच्या स्टॉर्म किंग डोंगरावर वीज पडली आणि खुरट्या जुनिपरच्या झाडीत एक छोटी आग धुमसू लागली. त्या दिवसांत विजेने आसपास इतक्या आगी लावल्या होत्या की, या आगीपर्यंत माणसे पोचायला ५ जुलै उजाडला. ६ तारखेला दुपारी कोरड्या, थंड हवेची आघाडी आली, वारा उसळला आणि आग विझवायला गेलेले १४ जण उतारावर सापडून मेले. त्यांतले ९ जण ओरेगनमधल्या प्राइनव्हिल गावच्या पथकातले होते. या घटनेतल्या तारखा नीट बघण्यासारख्या आहेत. पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या पठारांवर उन्हाळी वादळाचा हिशेब वादळाच्या दिवशी मिटत नाही, तो पुढच्या उघडिपीत मिटतो. म्हणून माझे म्हणणे असे की, तिथे खरी धास्ती घ्यायची ती गडगडाट थांबून आभाळ निरभ्र होते त्या दिवसांची.

प्राइनव्हिल ज्या ‘उंच वाळवंटा’त येते, तिथे वाळूच्या टेकड्या शोधायला गेलात तर निराशा व्हायची. कॅस्केड आणि सिएरा नेवाडा या पर्वतरांगांच्या पूर्वेला ओरेगनचा मध्य आणि आग्नेय भाग, दक्षिण आयडाहो, नेवाडाचा बहुतेक भाग आणि पश्चिम युटा असा हा प्रदेश पसरला आहे. त्यातला बराचसा भाग समुद्रसपाटीपासून १२०० मीटरच्या वर, आणि नजर जाईल तिथवर करड्या-हिरव्या सेजब्रशची झुडपे. पॅसिफिकवरचे ढग डोंगरांच्या पश्चिम उतारावरच रिते होतात. सह्याद्रीमुळे माणदेशाच्या वाट्याला जे येते, तेच इथल्या वाट्याला. नेवाडातल्या रेनो शहरात वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि पडतो तो बहुतेक हिवाळ्यात. उन्हाळ्यातली वादळे येतात ती दक्षिणेकडून, ॲरिझोनाच्या मोसमी पावसाची कड अधूनमधून उत्तरेला सरकली म्हणजे. हवा इतकी कोरडी की ढगाचा तळ कधीकधी जमिनीपासून तीन किलोमीटर उंच असतो. एवढे अंतर उतरताना थेंब वाटेतच वाफ होऊन जातात. ढगाखाली पावसाच्या झालरी लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीला टेकत नाहीत. बाष्पीभवनाने गार आणि जड झालेली हवा मात्र धाडकन खाली आदळते आणि चहूकडे वावटळीसारखी सुटते. वीजही पोचतेच. काही विजांचा प्रवाह एका झटक्यात तुटत नाही, किंचित रेंगाळतो, आणि लाकूड पेटते ते मुख्यतः अशाच विजांनी. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस देणाऱ्या वादळाला तिथले हवामानतज्ज्ञ ‘कोरडे वादळ’ म्हणतात.

आपल्याला हे पचायला जड जाते, कारण आपल्या वळवाच्या मागून मृगाचा पाऊस येत असतो. वळवाने झोडपले, आंबे झडले, पत्रे उडाले तरी पुढे दिलासा आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असते. उंच वाळवंटात वादळाच्या मागून बहुतेक वेळा येते ते कडकडीत ऊन.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: थोडा का होईना, पाऊस पडला तर जमीन ओली होणारच ना? होते. प्रश्न किती वेळ ओली राहते हा आहे. वणव्याचे शास्त्र जळणाची वर्गवारी ते सुकायला लागणाऱ्या वेळावर करते. वाळलेले गवत आणि पाव इंचापेक्षा बारीक काड्या हे ‘एक तासाचे’ जळण. तीन ते आठ इंच जाडीचे ओंडके ‘हजार तासांचे’. एखादी सर गवताला भिजवते आणि गवत त्याच दिवशी पुन्हा कोरडे होते. ओंडक्यात पाणी मुरायला दिवसेंदिवस पावसाळी हवा लागते, ती मिळतच नाही. वादळ सरले की बहुधा वरच्या थरात उच्च दाबाचा पट्टा पुन्हा बसतो, हवा खाली दाबली जाऊन तापते आणि दुपारची आर्द्रता १०-१५ टक्क्यांवर येते. अशा हवेत गवतातला ओलावा त्याच्या वजनाच्या तीन-चार टक्क्यांपर्यंत उतरतो. जुलैत तिथली तहानलेली हवा दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी सहज ओढून घेते. पाच मिलिमीटरचा पाऊस, तिथल्या मानाने चांगलाच, एका दिवसाचा धनी. एवढ्यात ज्या झाडाच्या ढोलीत किंवा मुळाशी वीज उतरली, तिथे निखारा धुमसत राहिलेला असतो. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर, धूरही न दाखवता. उघडीप पडली, वारा सुटला की तो बाहेर येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत वणव्यांचा कहर जूनमध्ये असतो आणि जुलैच्या वादळांनीच तो ओसरतो. मग वादळांना दोष का? पण तिथे वादळे एकामागून एक, आठवडेच्या आठवडे येतात, जमिनीला सुकायला सवडच देत नाहीत. उत्तरेला येते ती त्या पावसाची नुसती किनार. दोन दिवस गडगडाट, मग दहा दिवस लख्ख ऊन, हा क्रम घातक आहे. राहिला प्रश्न माणसाचा. अमेरिकेत लागणाऱ्या वणव्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माणसामुळे लागतात हे खरेच, पण जळलेल्या क्षेत्राचा निम्म्याहून मोठा वाटा विजेच्या खात्यावर आहे. माणसाची आग बहुतेकदा रस्त्याजवळ लागते, लवकर दिसते. वीज पडते ती जिथे रस्ता नाही तिथे, आणि एका दुपारी शंभर ठिकाणी.

माणूस तरीही सुटत नाही. युरेशियातून एकोणिसाव्या शतकात आलेले चीटग्रास नावाचे गवत चराईने उघड्या पडलेल्या जमिनीवर पसरले. ते बहुधा शरदात उगवते, वसंतात झपाट्याने वाढते आणि जूनच्या सुमारास वाळून कोळ होते. पूर्वी सेजब्रशच्या दोन झुडपांमध्ये उघडी माती असायची, आग तिथे अडायची. आता त्या जागेत हे गवत आहे. २०११ चा ओला हंगाम गवताला मानवला आणि ८ जुलै २०१२ रोजी आग्नेय ओरेगनमध्ये विजेने पेटलेल्या ‘लाँग ड्रॉ’ वणव्याने साडेपाच लाख एकरांहून जास्त रान खाल्ले, म्हणजे मुंबईच्या दोन्ही जिल्ह्यांच्या तिपटीहून अधिक. शेकडो गुरे होरपळली. सेजब्रश जळाले की बुंध्यातून फुटत नाही, बियांपासून परतायला दशके लागतात. गवत पुढच्याच वसंतात हजर असते.

पोर्टलंड, सिॲटल, बे एरिया इथली मराठी कुटुंबे जुलै-ऑगस्टमध्ये तंबू घेऊन या पठारांवर जातात. त्यांना एवढेच सांगायचे: कालचे वादळ गेले, आज आभाळ स्वच्छ आहे म्हणून शेकोटी पेटवू नका. आधी हवामान खात्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा आणि त्या भागातली आगबंदी तपासा, तापलेली गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका, आणि दूरच्या कड्यावर धुराची रेघ दिसली तर कुणीतरी कळवलेच असेल असे न धरता ९११ ला फोन करा.